एका देवमाशाचे मालक किती?

इंडोनेशियातल्या लामालेरा गावात कुणाला समुद्रावर तिरका फवारा उडताना दिसला की तो ‘बालेओ!’ अशी आरोळी ठोकतो. ती ऐकणारा पुढच्याला ऐकू जाईल अशी ठोकतो, आणि बघता बघता सगळं गाव किनाऱ्यावर उतरतं. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोपींतून लाकडी नावा ओंडक्यांवरून घसरत पाण्यात जातात. नशीब असेल तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी त्या एक स्पर्म व्हेल ओढत आणतात. मोठा नर 40 टनांच्या घरातला असतो. मग सुऱ्या निघतात, आणि त्या प्रचंड धुडाचे वाटे पडू लागतात. ‘हा माझा तुकडा’ अशी वादावादी सहसा होत नाही, कारण कुठला तुकडा कुणाचा हे देवमासा समुद्रात पोहत होता तेव्हापासूनच ठरलेलं असतं.

प्रश्न साधा वाटतो: हा मासा कुणाचा? (मासा म्हणायचं आपलं, आहे तो सस्तन प्राणी.) ज्याने भाला मारला त्याचा? ज्याची नाव त्याचा? समुद्र सरकारचा, म्हणून सरकारचा? लामालेरात यातलं प्रत्येक उत्तर थोडं खरं आणि बरंचसं चूक आहे.

आधी गाव कुठे आहे ते पाहू. इंडोनेशियाच्या नकाशावर बालीपासून पूर्वेकडे सरकत गेलं की लोंबोक, सुंबावा, फ्लोरेस अशी बेटांची माळ लागते. फ्लोरेसच्या पूर्व टोकापलीकडे सोलोर आणि आदोनारा, आणि त्यांच्यापुढे लेंबाता. बेट सुमारे 1,270 चौरस किलोमीटरचं आहे. लेवोलेबा हे जिल्ह्याचं ठिकाण उत्तरेच्या बाजूला, लामालेरा बरोबर उलट्या अंगाला, दक्षिणेच्या सावू समुद्रावर. मध्ये डोंगर, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेला रस्ता. गाव ज्वालामुखीच्या खडकाळ उतारावर चिकटून बसलेलं आहे, वरची वाडी आणि खालची वाडी असे त्याचे दोन भाग. शेतीला म्हणावी अशी जमीन जवळजवळ नाही. समोर मात्र किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की समुद्र एकदम खोल होतो, आणि खोल पाण्यात बुड्या मारून माकूळ खाणारे स्पर्म व्हेल त्या वाटेने येतात-जातात. गावाच्या मालमत्तेच्या सगळ्या नियमांची मुळं या एका वस्तुस्थितीत आहेत: पाठीशी दगड, समोर देवमासा.

आता मालकी या शब्दाकडे. आपण धरून चालतो की मालकी म्हणजे एक माणूस आणि एक वस्तू. पण कोकणातला आंबा बागायतदार सुद्धा हंगामापुरती बाग दुसऱ्याला कराराने देतो. फळ करारदाराचं, झाड मालकाचं, जमिनीच्या सातबाऱ्यावर आणखी चार चुलत्यांची नावं, आणि बांधावरून जायची वाट शेजाऱ्याची. म्हणजे मालकी ही एक वस्तू नसून हक्कांची मोळी असते. प्रत्येक काटकी वेगळ्या माणसाच्या हातात असू शकते. लामालेरात ही मोळी इतकी सुटी करून ठेवली आहे की तिथे ‘मालक कोण’ विचारण्याऐवजी ‘कशाचा मालक कोण’ असंच विचारावं लागतं.

तिथल्या बोलीत, लामाहोलोत भाषाकुळातल्या, एक शब्द सतत येतो: आलेप. आपल्या ‘धनी’सारखा. ‘ताना आलेप’ म्हणजे भूमीचा धनी, ‘तेना आलेप’ म्हणजे नावेचा धनी, ‘उमा आलेप’ म्हणजे वाट्याचा धनी. तिघे वेगवेगळे लोक असतात आणि तिघांचे हक्क वेगवेगळे.

सुरुवात नावेपासून करू, कारण गावाचा सगळा व्यवहार तिच्याभोवती फिरतो. तेना ही दहा-अकरा मीटर लांबीची नाव असते. लोखंडी खिळा न वापरता, लाकडी खुंट्यांनी जोडलेली. शीड गेबांग ताडाच्या पात्यांचं विणलेलं. पुढच्या टोकाला बांबूची फळी बाहेर काढलेली असते. तिच्यावर लामाफा, म्हणजे भाला मारणारा, उभा राहतो आणि वेळ आली की भाल्यासकट देवमाशाच्या पाठीवर उडी घेतो. अंगाचं सगळं वजन भाल्यामागे पडावं म्हणून ही उडी. मागे दहा-बारा जण वल्ह्यांवर.

अशी नाव एकट्याची नसते. ती एका कुळाच्या मोठ्या घराशी जोडलेली असते, आणि तिच्यात ठरावीक कुटुंबांचे वाटे असतात. आजच्या भाषेत तिला छोटी कंपनी म्हणता येईल. तेना आलेप हा तिचा व्यवस्थापक: नाव दुरुस्त ठेवायची, माणसं जमवायची, हंगामाआधीची कर्मं पार पाडायची. उमा आलेप हे भागधारक. पण भाग विकत घेऊन गप्प बसता येत नाही. नाव बांधताना लाकूड, दोर, शीड, कामकरी माणसांचं जेवण यांचा भार भागधारकांवर पडतो. जो हे करतो त्याच्या नावाने देवमाशाच्या अंगाचा एक ठरलेला भाग असतो. तो स्वतः समुद्रावर गेला असो वा नसो.

मला या व्यवस्थेतली सगळ्यात मोहक गोष्ट वाटते ती नावेच्या आयुष्याची. तेना जुनी होऊन मोडते, किंवा देवमासा तिला फोडतो. मग नवी बांधतात, पण तिला जुनंच नाव देतात. जुन्या फळ्यांपैकी ज्या चांगल्या असतील त्या नवीत बसवतात. त्यामुळे आज किनाऱ्यावर उभी असलेली तेना ही गेल्या कैक पिढ्यांतल्या त्याच नावाच्या तेनेची वारस असते, आणि तिच्यातले वाटेही वारशाने उतरत येतात. लाकूड बदललं तरी हक्क तुटत नाही. आपल्याकडे वाडा पडला तरी वहिवाट राहते, तसं काहीसं.

आता वाटणी. एकापेक्षा जास्त तेनांनी मिळून देवमासा मारला असेल तर आधी तो त्या नावांमध्ये विभागला जातो. नंतर प्रत्येक नावेचा हिस्सा तिच्या माणसांत. समुद्रावर गेलेल्या खलाशांचा वाटा वेगळा, लामाफाचा वेगळा, भागधारकांचा वेगळा. याशिवाय नाव बांधणाऱ्या सुताराला वाटा, भाल्याचं पातं घडवणाऱ्या लोहाराला वाटा, शीड करणाऱ्याला वाटा. ही माणसं त्या दिवशी किनाऱ्यावर विडी ओढत बसलेली असली तरी चालतं, कारण त्यांचं काम आधीच त्या शिकारीत शिरलेलं आहे. आपल्या खेड्यांतल्या बलुत्याची आठवण यावी असंच हे आहे. सुताराला नांगरामागे मजुरी नव्हे, खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. फरक एवढाच की बलुत्यात जात घट्ट बांधलेली होती. इथे एकच माणूस एका वाट्याने खलाशी, दुसऱ्याने भागधारक आणि तिसऱ्याने सुतार असू शकतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याला आपापला तुकडा मिळतो.

आणि मग डोकं. देवमाशाच्या डोक्यातला एक भाग ताना आलेपांचा, भूमीच्या धन्यांचा. तसं का, याचं उत्तर गावाच्या आठवणीत आहे. लामालेराचे लोक स्वतःला उपरे समजतात. त्यांच्या मौखिक परंपरेनुसार पूर्वज सुलावेसीतल्या लुवुककडून निघाले, बेटाबेटांवरून भटकत लापान-बातान नावाच्या जागी राहिले, ती जागा समुद्राच्या कोपात गेली, आणि अखेर ते इथे आले. जमीन आधीच दुसऱ्यांची होती. त्यांनी राहायला जागा मागितली आणि ती मिळाली. जागा देणाऱ्यांच्या वंशजांकडे गावाची सत्ता नाही. ती ‘लिका तेलो’ म्हणवणाऱ्या तीन मोठ्या कुळांकडे गेली. शब्दाचा अर्थ चुलीचे तीन दगड. पण भूमीचा मान मूळच्यांकडे राहिला. हंगाम सुरू होण्याआधी ते डोंगरावरच्या एका देवमाशाच्या आकाराच्या दगडापाशी जातात आणि देवमाशांना हाक देतात. हाक त्यांची, म्हणून डोक्याचा वाटा त्यांचा. नंतर 1 मे रोजी किनाऱ्यावरच्या छोट्या चॅपेलपाशी कॅथलिक प्रार्थना होते आणि लेफा म्हणजे समुद्राचा हंगाम उघडतो. गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती होत गेलं आहे. दगडाची हाक आणि पाद्र्याचा आशीर्वाद यांत तिथे कुणाला विसंगती दिसत नाही.

एक प्राणी मात्र कुणाच्याच मालकीचा होत नाही: निळा देवमासा. त्याने एका पूर्वजाला वाचवलं अशी कथा आहे, म्हणून त्याला भाला लावत नाहीत.

किनाऱ्यावर वाटे पडले म्हणजे वाटणी संपली असं नाही. खरं तर तिथून दुसरी फेरी सुरू होते. घरी आलेलं मांस पट्ट्या कापून बांबूच्या मांडवांवर वाळत घालतात, खाली टपकणारं तेल पन्हाळीत धरतात. त्यातलं काही भावकीत, व्याह्यांकडे, शेजारी, ज्यांच्या घरात समुद्रावर जाणारं कुणी उरलं नाही अशा विधवांकडे जातं. यात नियम सैल आहेत, पण विसरायची सोय नाही. पुढच्या वेळी आपल्या नावेला काही मिळालं नाही तर त्याच घरांतून पट्ट्या येणार असतात. देवमासे वर्षाला काही मोजकेच मिळतात, आणि कुठल्या नावेला मिळतील याचा नेम नाही. शीतकपाट नसलेल्या गावात 40 टन मांसाची उत्तम साठवण म्हणजे ते दुसऱ्याच्या पोटात ठेवणं. हा विमाच आहे, हप्ता मांसात भरायचा.

मग बायका. वाळलेलं मांस पाटीत घालून त्या डोंगरातल्या शेतकरी गावांत पायी जातात, किंवा शेजारच्या वुलांदोनीच्या शनिवारच्या बाजारात. तिथे अजूनही वस्तूला वस्तू देण्याचा व्यवहार चालतो. मका, केळी, कसावा, रताळी हे डोंगराचं. मांस, मीठ, मासे हे किनाऱ्याचं. हिशोब सहा-सहाच्या जुडीने होतो, मांसाच्या एका पट्टीला मक्याची इतकी कणसं असा. पुरुषांचा वाटा हा कागदावरचा हक्क समजला तर त्याचं धान्यात रूपांतर करणाऱ्या या बायका आहेत. त्यांच्याशिवाय गाव देवमाशाच्या ढिगाऱ्याशेजारी उपाशी राहील. शिकारीच्या वर्णनांत लामाफाची उडी रंगवून सांगितली जाते, आणि ही पाटी बहुतेक वेळा गळते, याची मला नेहमी चीड येते.

या वाटणीच्या सवयीने माणसं कशी घडतात हे पाहण्याचा एक प्रयोग तिथे झाला होता. मायकल अल्वार्ड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने लामालेरात एक खेळ खेळवला. दोन माणसं, पण आपण कुणाशी खेळतोय हे दोघांनाही ठाऊक नाही. पहिल्याला काही माल मिळतो (इथे सिगारेटची पाकिटं होती, पैसे दिले तर जुगार वाटेल म्हणून). त्यातलं किती दुसऱ्याला द्यायचं ते पहिल्याने ठरवायचं. दुसऱ्याला देणं पटलं तर दोघांना आपापलं मिळतं, त्याने नाकारलं तर दोघांनाही काही नाही. निव्वळ स्वार्थ पाहिला तर पहिल्याने एक पाकीट पुढे सरकवावं. पेरूच्या जंगलातल्या माचीगेंगा लोकांनी याच खेळात सरासरी 26 टक्के दिले. लामालेरात सरासरी निम्म्याच्याही वर गेली, 57-58 टक्क्यांवर. वेगवेगळ्या खंडांतल्या ज्या पंधरा छोट्या समाजांत हा खेळ झाला, त्यांत इतकी उदार सरासरी दुसरीकडे आली नाही. यावरून लामालेराचे लोक साधू ठरत नाहीत. ज्याचं पोट दहा जणांनी एकत्र वल्हवण्यावर अवलंबून आहे, त्याला वाटणीत कमी देण्याची किंमत ठाऊक असते, एवढंच.

गावात आणखी एक मालमत्ता आहे आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. या सगळ्या लामाहोलोत टापूत लग्नात मुलीच्या घरच्यांना हस्तिदंत द्यावा लागतो, अख्खा सुळा. बेटावर हत्ती नाही, कधी नव्हताही; सुळे शतकांपूर्वीच्या व्यापारातून आले आणि तेव्हापासून घराघरांत फिरत आहेत. त्याच्या बदल्यात मुलीकडून येतं ते बायकांनी विणलेलं इकत लुगडं. तीन पट्ट्या जोडून केलेलं सगळ्यात मानाचं. त्याच्या नक्षीत गुजरातच्या पटोल्याची छाप दिसते, कारण मसाल्याच्या व्यापारात पटोले या बेटांवर येत होते. मोठ्या घरांत असे जुने पटोले ठेव म्हणून जपलेले आहेत. ते विकायला नाहीत. थोडक्यात, घराची श्रीमंती मोजायची तर नावेतले वाटे, दंत आणि लुगडी. त्यातली लुगडी बायकांच्या हातची.

आता सरकार कुठे आहे? कागदावर सर्वत्र. इंडोनेशियाच्या 1945 च्या घटनेचं 33 वं कलम भूमी, पाणी आणि त्यातली संपत्ती राज्याच्या अखत्यारीत देतं. 1960 चा मूळ जमीन कायदा परंपरेने चालत आलेला सामूहिक हक्क मान्य करतो, पण ‘अजून अस्तित्वात असेल तर’ आणि राष्ट्रहिताला बाधत नसेल तर, अशा अटींवर. त्याच कायद्याने पूर्ण मालकीचा हक्क, ‘हाक मिलिक’, मुख्यतः इंडोनेशियन नागरिकांपुरता ठेवला. तेव्हा इंटरनेटवर ‘इंडोनेशियात बेट विकत घ्या’ अशी जाहिरात दिसली तर समजावं की परदेशी माणसाच्या हाती फार तर मुदतीचा हक्क येतो. अलीकडच्या वर्षांत सरकारने देशभर जमिनीचे दाखले वाटण्याची मोहीम चालवली आहे. दाखल्यावर नाव आणि हद्द असते. ‘हाक देण्याचा मान’ किंवा ‘देवमाशाचं डोकं’ यासाठी त्यात रकाना नाही.

समुद्राचं प्रकरण तर जास्त नाजूक. 2,000 चौरस किलोमीटरपर्यंतचं बेट हे इंडोनेशियन कायद्यात ‘छोटं बेट’ ठरतं, म्हणजे अख्खं लेंबाता त्यात बसतं. 2007 च्या किनारे आणि छोटी बेटं यांच्या कायद्यात किनाऱ्यालगतच्या पाण्याचा पट्टा, पृष्ठभागापासून तळापर्यंत, मुदतीने कंपन्यांना देण्याची तरतूद होती. मच्छीमार आणि संघटना देशाच्या घटनात्मक न्यायालयाकडे गेले आणि 2011 मध्ये ती तरतूद रद्द झाली. समुद्रावर परंपरेने जगणाऱ्यांचा हक्क बाजारात विकत घेणाऱ्याशी बरोबरी करू शकणार नाही, हा त्यामागचा विचार.

लामालेराला मात्र जास्त धक्का संरक्षणाच्या बाजूने बसला. 2009 मध्ये सावू समुद्राचं सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर होत होतं, तेव्हा गावाने विरोध केला आणि लेंबाताभोवतीचं पाणी त्यातून बाहेर राहिलं. 2014 मध्ये मांटा पाकटाला देशभर पूर्ण संरक्षण मिळालं. मांटा हे या गावाचं दुसरं मोठं अन्न होतं. स्पर्म व्हेलही कायद्याने संरक्षित आहे. वाऱ्यावर आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या या छोट्या गावाच्या शिकारीने जगातले देवमासे संपले नाहीत; ते कारखानदारी व्हेलिंगने संपवले, हे मला उघड दिसतं. तरी मांटाच्या कल्ल्यांना चीनकडे भाव मिळू लागल्यावर पोटासाठी मारणं आणि बाजारासाठी मारणं यांतली रेषा पुसट झाली, हेही नाकारता येत नाही.

बाहेरून सुधारणा करण्याचा एक प्रयत्न आधीच झाला होता. 1973 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने मोटरबोट आणि नॉर्वेचा अनुभवी व्हेलर पाठवला. तो प्रयोग टिकला नाही. बंदुकीने मारलेल्या देवमाशात लोहाराचा, शीडवाल्याचा, सुताराचा वाटा कुठून काढणार?

खरा बदल झाला तो जाळ्याने आणि इंजिनाने, आणि तोही गावानेच आणला. नायलॉनची वाहती जाळी आली, बाहेरच्या बाजूला लावायचं मोटर इंजिन आलं. इंजिनवाल्या छोट्या होडीला तिथे ‘जोन्सोन’ म्हणतात, इंजिनाच्या एका ब्रँडवरून. जोन्सोन आणि जाळं एका कुटुंबाचं असतं. रात्री जाळं टाकायचं, सकाळी उडते मासे काढायचे. दोघा-तिघांत काम होतं. डीझेल-पेट्रोलचा खर्च ज्याचा, मासळी त्याची. त्यात कुळ नाही, मोठं घर नाही, उमा नाही. हक्कांची मोळी एकाच हातात येऊन बांधली गेली, आणि त्यासाठी कुणी कायदा केला नाही.

देवमासा दिसला की मात्र हेच जोन्सोन तेनांना दोराने ओढत खोल पाण्यात नेतात, म्हणजे तासन्‌तास वल्हवावं लागत नाही. जवळ पोचल्यावर दोर सोडतात. पुढचं काम जुन्याच पद्धतीने: वल्ही, बांबू, उडी. किनाऱ्यावर परत आल्यावर इंजिनवालाही आपला वाटा मागायला उभा राहतो. जिथे लोहार आणि शीड करणारे आधीपासून उभे असतात, त्यांच्याच रांगेत.